दगड पडायच्या आधीचा निधी : आमच्या प्रस्तावाच्या नोंदी, कोल्हापूर

८ जून २०२५, रविवार

आजपासून नोंदी ठेवायच्या ठरल्यात. परवा शिवराज्याभिषेक दिन, काल बकरी ईद, दोन्ही लागून आले आणि त्यात कालची तारीख ७ जून, कोल्हापुरात ह्या तारखेबद्दल कुणाला वेगळं सांगावं लागत नाही. २०२३ ला ह्याच दिवशी व्हॉट्सअ‍ॅप स्टेटसवरनं बंद पुकारला गेला, शिवाजी चौकात गर्दी जमली, मग दगडफेक, लाठीमार, अश्रुधूर, आणि शेवटी इंटरनेट बंद. यंदा आमच्या भागात दोन्ही दिवस नीट गेले. पण ते आपोआप गेले नाहीत, चार-पाच माणसं रात्री उशिरापर्यंत फोन लावत बसली होती, ह्या पोराला समजव, त्या ग्रुपच्या अ‍ॅडमिनला सांग, अमक्या फोटोची तारीख बघ जुना आहे. ह्या माणसांच्या मोबाईलचं रिचार्ज कोण मारतं, रात्रीचं पेट्रोल कोण घालतं, हे आजपर्यंत कुठल्या ऑफिसने विचारलेलं नाही.

तर काम असं आहे, द्वेषातून होणारे हल्ले व्हायच्या आधीच थांबवायला सरकारने वस्त्यांना, तालमींना, महिला गटांना, छोट्या संस्थांना थोडा पैसा द्यावा, यासाठी आपल्या जिल्ह्यापुरता एक प्रस्ताव लिहायचा. गटात ताई आहेत (सगळं त्याच चालवतात), वकील मॅडम, दोन मास्तर, हिशेब बघणारा एक पोरगा, आणि मी लिहायला. पहिलं काम माझ्याकडे आलंय, बाकीच्या देशात सरकार असा पैसा देतं का, देतं तर कशाला, ते शोधायचं.

१२ जून

अमेरिकेचं बघून झालं. तिथं दोन वेगवेगळे प्रकार आहेत आणि ते एकत्र धरले तर घोळ होतो.

एक म्हणजे इमारतींचा पैसा. चर्च, मशीद, सिनॅगॉग, गुरुद्वारा, शाळा अशांना कॅमेरे, मजबूत दारं, कुंपण, पहारेकरी, प्रशिक्षण ह्याला ग्रँट मिळते. नॉनप्रॉफिट सिक्युरिटी ग्रँट प्रोग्रॅम नाव आहे, फेमा नावाची आपत्तीचं काम बघणारी संस्था चालवते, २०२४ मध्ये सगळं मिळून ४५ कोटी डॉलरच्या वर रक्कम होती. दुसरा प्रकार न्याय खात्याचा, त्यात संस्थांना लोकांमध्ये काम करायला पैसा, म्हणजे हल्ला झालेला माणूस तक्रार द्यायला पुढं यावा, त्याच्या भाषेत बोलणारं कुणी असावं, पोलिस आणि वस्ती ह्यांची ओळख असावी. आमच्या कामाचा हा दुसराच, पण रक्कम बघितली तर पहिल्याच्या पुढं अगदीच थोडी.

न्याय खात्याच्या एका ग्रँटला मॅथ्यू शेपर्ड आणि जेम्स बर्ड ह्या दोघांचं नाव आहे. शेपर्ड २१ वर्षांचा पोरगा, समलिंगी म्हणून मारला. बर्ड काळा माणूस, टेक्सासमधल्या जॅस्पर गावात तिघा गोऱ्यांनी ट्रकच्या मागं बांधून फरफटत नेला. दोन्ही १९९८ सालचं. त्यांच्या नावाचा कायदा व्हायला २००९ उजाडलं. बर्डला मारलं ती तारीख ७ जून. वाचल्यावर मी थोडा वेळ लॅपटॉप बंद करून बसले, दोन घटनांचा एकमेकींशी काही संबंध नाही हे कळतंय तरी.

आणि अजून एक गोष्ट लिहून ठेवायला हवी, यंदा एप्रिलमध्ये तिथल्या न्याय खात्याने साडेतीनशेच्या वर ग्रँट मध्येच रद्द केल्या, ८० कोटी डॉलरच्या आसपासचं काम, त्यात द्वेषगुन्ह्यांवर काम करणाऱ्या संस्था पण होत्या. माणसं नेमलेली, वस्तीत ओळख झालेली, आणि एक पत्र येतं की उद्यापासून बंद. ज्या बाईने कसंबसं धाडस करून हेल्पलाईनला फोन केला तिचा फोन परत कोण उचलणार. म्हणून आमच्या प्रस्तावात पैसा एका वर्षाचा नको, तीन वर्षांचा मागायचा आणि मध्ये बंद करायचा तर आधी नोटीस द्यायची अट घालायची, हे मी लाल अक्षरात लिहून ठेवलंय.

१७ जून

कॅनडा आणि इंग्लंड भराभर उरकलं. दोन्हीकडं भर इमारतींवरच. कॅनडाने २००७ पासून चालवलेल्या योजनेत बरीच वर्षं अर्धा खर्च सरकार द्यायचं, अर्धा त्या समाजाने उभा करायचा. ज्यांच्याकडं वर्गणी देणारे आहेत त्यांना जमतं, पण सहा पत्र्याच्या खोल्यांची वस्ती अर्धा कुठनं आणणार. इंग्लंडमध्ये २०१६ पासून प्रार्थनास्थळांना कॅमेरे-कुंपण द्यायची योजना आहे.

खरं कामाचं सापडलं ते जर्मनीत. २०१५ पासून तिथलं केंद्र सरकार एक कार्यक्रम चालवतंय, नाव 'डेमोक्राटी लेबेन', म्हणजे लोकशाही जगा. २०२४ ला त्याला १८ कोटी युरोच्या पुढं पैसा होता. त्यातला जो भाग मला आवडला तो असा की शहराला किंवा तालुक्याला एक निधी मिळतो, आणि त्यातनं छोट्या छोट्या कामांना किती द्यायचे ते तिथलीच एक समिती ठरवते, समितीत पालिकेचे लोक पण आणि गावातल्या संस्थांचे पण. पोरांचा वेगळा निधी असतो, तो पोरंच ठरवतात कशाला वापरायचा. म्हणजे राजधानीतनं कुणी येऊन तुमच्या गल्लीत काय करायचं ते सांगत नाही.

ताईंना फोनवर वाचून दाखवलं तर म्हणाल्या, "पोरांचा निधी ठेवायचाच. स्टेटस ठेवणारं पण पोरगंच, दगड मारणारं पण पोरगंच, आणि मिटिंगला बोलावतो आपण साठीच्या म्हाताऱ्यांना."

२१ जून

आज एका दुकानात जाऊन बसले. २०२३ च्या दगडफेकीत ह्यांच्या काचा गेल्या होत्या. चाचा नको म्हणत होते बोलायला, मग चहा मागवला आणि बोलत राहिले तासभर. शटर अजून तेच आहे, खालून दुसऱ्या-तिसऱ्या पट्टीला पोचा पडलाय, त्यामुळं वर ढकलताना एका ठिकाणी अडतं, चाचा तिथं आल्यावर डाव्या हाताने आत दाबतात आणि मग वर घेतात. रोज सकाळी. नवीन शटर का नाही बसवलं विचारलं तर म्हणाले, "बसवलं असतं की, पण परत झालं तर?"

विमा होता, पण त्यात दंगलीचं कव्हर घेतलेलं नव्हतं, एजंटने सांगितलंच नव्हतं असलं काही असतं म्हणून. पंचनामा झाला, कागद मिळाला, पुढं काही हातात आलं नाही. पण चाचांचं मुख्य दुखणं पैशाचं नव्हतंच. शेजारच्या दुकानदाराने, तीस वर्षं शेजार, आदल्या रात्री फोन करून एवढं जरी सांगितलं असतं की उद्या दुकान उघडू नका, तर माल आत घेतला असता. त्याला माहीत होतं, त्याच्या पोराच्या ग्रुपवर मेसेज फिरत होता. त्याने नंतर येऊन माफी पण मागितली, आता दोघं परत एकत्र चहा घेतात. पण तो एक फोन झाला नाही.

मी घरी येऊन प्रस्तावातलं पहिलं पान बदललं. आधी 'जनजागृती' असा मथळा होता, मोठमोठी वाक्यं. आता लिहिलंय की हा निधी मेसेज फिरायला लागल्यापासून पहिला दगड पडेपर्यंतच्या वेळेसाठी आहे. ह्या वेळेत कोण कुणाला फोन करणार, त्या माणसाची ओळख आधी कशी झालेली असणार, आणि फोन आल्यावर पोलिस ठाण्यात तो घेणारं कोण असणार, एवढ्यासाठी पैसा पाहिजे.

२६ जून, शाहू जयंती

दसरा चौकात सकाळी गर्दी होती, आम्ही पण हार घालून आलो आणि तिथंच बाजूला उभं राहून मिटिंग झाली.

मास्तरांनी एक चांगला मुद्दा काढला. आपण जर्मनी-अमेरिका करतोय पण सरकारी पैसा समाजांना देऊन माणसं जोडायचं काम ह्या शहरात शंभर वर्षांपूर्वी झालंय, समोर बघा. बोर्डिंग. १९०१ ला मराठा बोर्डिंग, मग जैन, लिंगायत, मुस्लिम, दलित, शिंपी, एकेक करत वसतिगृहं उभी राहिली, दरबाराने जागा दिल्या, अनुदानं दिली. मुस्लिम एज्युकेशन सोसायटी १९०६ ची, तिचं अध्यक्षपद शाहू महाराजांनी स्वतःकडं घेतलं होतं. नुसता चेक दिला आणि विसरले असं नव्हतं, स्वतः जाऊन बसायचे. दलित समाजातल्या गंगाराम कांबळेंना हॉटेल काढून दिलं आणि तिथं स्वतः जाऊन चहा घेतला, बरोबरच्या मानकऱ्यांना पण प्यायला लावला. भांडवल दिलंच, आणि गिऱ्हाईक म्हणून स्वतः उभे राहिले. ह्यातलं दुसरं नसतं तर हॉटेल चाललं नसतं.

वकील मॅडम म्हणाल्या बोर्डिंग जातवार होती हा पण विचार करायला हवा, एकेका समाजाला वेगळा पैसा दिला की भिंती पक्क्या होतात. मास्तर म्हणाले त्या काळी पोरांना राहायला जागाच कुणी देत नव्हतं, आधी शिकणं महत्त्वाचं. दोघांचंही खरं आहे असं मला वाटतं, पण आजच्या कामात मॅडमचं ऐकायचं. म्हणून अट घातली: अर्ज एकट्या समाजाच्या संस्थेचा चालणार नाही, किमान दोन वेगळ्या समाजांची मंडळं किंवा गट मिळून अर्ज करणार, बँक खात्यावर सही दोघांची. तालीम आणि मशीद ट्रस्ट मिळून, बौद्धवाडीचं मंडळ आणि गावातलं मंडळ मिळून, असं.

६ जुलै, रविवार

आज आषाढी एकादशी आणि मोहरम एकाच दिवशी. सकाळी नंदवाळच्या दिंडीला गर्दी, संध्याकाळी पंजे-ताबूत (मोहरमची पीराची निशाणं) विसर्जनाला पंचगंगेवर. एवढ्या मोठ्या दोन गोष्टी एकाच शहरात, एकाच पोलिसांवर, आणि पावसात.

कोल्हापूरच्या बाहेरच्या माणसाला सांगून पटत नाही, इथं पंजे तालमीत बसतात, आणि बसवणारे, मानाचे, नवस फेडणारे निम्म्याच्या वर हिंदू असतात. बाबूजमाल तालमीत गणपती पण आणि पंजा पण. तिकडं कुरुंदवाडात गणपती मशिदीत बसतो. हे कुणी योजना काढून केलेलं नाही. पण म्हणून ते आपोआप टिकेल असंही नाही, हे माझं मत दिवसेंदिवस पक्कं होत चाललंय. तालमीतले अण्णा (वय सत्तरच्या पुढं) म्हणाले, "आमच्या वेळी पोरगं आखाड्यात यायचं, घाम गाळायचं, कुणाचं कोण हे बघायला सवड कुठं होती. आता पोरगं येतंय दहा दिवस, डॉल्बी लावतंय, जातंय. वर्षभर कुठं असतंय? मोबाईलमधी."

मी विचारलं, पैसे मिळाले तर काय कराल. मला वाटलं मॅट मागतील नाहीतर रंगरंगोटी. अण्णा जरा वेळ गप्प बसले, मग म्हणाले, "वर्षभर रोज सात ते नऊ तालीम उघडी ठेवणारा एक माणूस द्या. शिकलेला. पोरांचं मोबाईलमधलं ज्याला कळतंय असा. त्याला पगार द्या. आम्ही जागा देतो, लाईट देतो."

सगळ्या परदेशी कागदांपेक्षा हे एक वाक्य जास्त उपयोगाचं निघालं. बजेटमधली सगळ्यात मोठी ओळ आता हीच आहे, माणसाचं मानधन.

१४ जुलै

गजापूरच्या हल्ल्याला आज एक वर्ष. विशाळगडाच्या अतिक्रमणाचा विषय गडावरचा, आणि मार खाल्ला खालच्या गजापूरच्या मुसलमानवाडीने, ज्यांचा त्या अतिक्रमणाशी संबंध नव्हता. घरं, गाड्या, मशीद. त्याबद्दल इथं जास्त लिहीत नाही. कामापुरतं एवढंच की ते अचानक झालेलं नव्हतं, तारीख आधी जाहीर होती, रस्ता एकच, गाव त्याच रस्त्यावर.

सुप्रीम कोर्टाने १७ जुलै २०१८ ला तहसीन पूनावाला खटल्यात जमावाच्या हिंसेबद्दलच सांगून ठेवलंय. प्रत्येक जिल्ह्यात एसपी दर्जाच्या खाली नाही असा नोडल अधिकारी, जिथं पूर्वी जमावाची हिंसा झाली ती गावं-तालुके आधीच हेरून ठेवणं, महिन्यातनं एकदा तरी गुप्तवार्ता शाखेबरोबर बैठक, झालंच तर ३० दिवसांत अंतरिम मदत. आम्ही प्रस्तावात ह्या निकालाचा आधार घेतलाय. नवीन न्याय संहितेत पाच किंवा जास्त जणांनी मिळून जात किंवा समाज, भाषा, वैयक्तिक श्रद्धा वगैरे कारणावरनं खून केला तर कलम १०३(२) आहे, फाशी किंवा जन्मठेप. ते हवंच होतं. पण ते माणूस गेल्यावरचं कलम आहे.

केंद्राच्या योजना बघितल्या तर तिथंही हेच. जातीय दंगलीत माणूस गेला तर गृह खात्याची मदत, आधी ३ लाख होती, २०१६ पासून ५ लाख. १९९२ ला स्थापन झालेलं राष्ट्रीय सांप्रदायिक सद्भाव प्रतिष्ठान आहे, ते दंगलीत आईबाप गमावलेल्या पोरांना शिक्षणासाठी मदत करतं, अत्यंत चांगलं काम, दरवर्षी १९ ते २५ नोव्हेंबर सद्भावना सप्ताह पण असतो. आपल्या राज्यात २००७ ला आर. आर. आबांनी तंटामुक्त गाव मोहीम काढली, तिनं खेड्यापाड्यात खरंच फरक पडला, पण तिथं पैसा म्हणजे बक्षीस, गाव शांत राहिलं की नंतर मिळणार. शांत ठेवायला जो खर्च येतो तो ज्याचा त्याने करायचा.

२३ जुलै

आजचा दिवस वकील मॅडमचा. सकाळी सहाला मेसेज, "नियम ३ वाच. आत्ता."

अ‍ॅट्रॉसिटी कायदा १९८९ चा आणि त्याचे नियम १९९५ चे. आपण सगळे नियम १२ पुरतेच ओळखतो, म्हणजे गुन्हा झाल्यावर पीडिताला अर्थसाहाय्य. पण त्याच्या आधी नियम ३ आहे आणि तो पूर्ण प्रतिबंधाचाच आहे. अत्याचार होऊ शकतील असं वाटणारी गावं सरकारने आधी शोधून काढायची. कलेक्टर आणि एसपींनी तिथं जाऊन परिस्थिती बघायची. गरज पडली तर अनुसूचित जाती-जमातींचे नसलेल्या लोकांचे शस्त्रपरवाने रद्द करायचे. जागृती केंद्रं काढायची, कार्यशाळा घ्यायच्या. आणि मग ते वाक्य येतं ज्यासाठी मॅडमनी मला उठवलं: अशी केंद्रं चालवायला, कार्यशाळा घ्यायला बिनसरकारी संस्थांना प्रोत्साहन द्यायचं आणि त्यांना लागणारं आर्थिक आणि इतर साहाय्य द्यायचं.

म्हणजे आम्ही दीड महिना परदेशात जे शोधत होतो, द्वेषाचा गुन्हा होण्याआधी तो थांबवायला सरकारने लोकांच्या संस्थांना पैसा देणं, ते आपल्याकडं तीस वर्षं नियमात लिहिलेलं आहे. ह्या कायद्याच्या अंमलबजावणीच्या खर्चाला राज्याबरोबर केंद्राचा पण वाटा असतो, ते हेड (बजेटमधलं खातं) आधीच आहे. कलेक्टरच्या अध्यक्षतेखाली जिल्हा दक्षता समिती आहे, नियम १७, तीन महिन्यांतनं एकदा बसायलाच पाहिजे. मागणारं कुणी नसलं की असा नियम कागदावरच राहतो.

ह्यामुळं प्रस्तावाचे दोन भाग झाले. जातीच्या अत्याचारांपुरता भाग सहायक आयुक्त, समाजकल्याण ह्यांच्याकडं, थेट नियम ३ वर बोट ठेवून. धर्माच्या नावावर होणाऱ्या हिंसेपुरता असा नियम नाही, तिथं जिल्हा नियोजन समितीच्या नावीन्यपूर्ण योजनेतनं मागायचं, सोबत २०१८ च्या निकालाचा आधार. ताई म्हणाल्या दोन्ही अर्ज वेगळे पण वस्तीतली समिती एकच राहील, कारण गावात भांडण लागतं तेव्हा ते कुठल्या हेडखाली आहे असं विचारून लागत नाही.

२ ऑगस्ट

बजेटची मिटिंग, आणि आज आवाज चढले.

हिशेबाच्या पोराने कच्चा तक्ता आणला होता. एका वस्तीला वर्षाला: तालीम किंवा समाजमंदिर रोज उघडं ठेवणाऱ्या माणसाचं मानधन, सहा जणांच्या फोन-साखळीचं रिचार्ज, महिन्याच्या बैठकीचा चहा-नाष्टा, रिक्षावर भोंगा लावून अफवा खोडायला लागणारं भाडं, वकिलाचा अर्ध्या दिवसाचा खर्च महिन्यातनं एकदा, पोरांचा निधी, आणि तातडीचा म्हणून बाजूला ठेवलेला पैसा, जो समितीने फोनवर होकार दिला की त्याच दिवशी खर्चता येईल, बिल नंतर. शेवटच्या ओळीवरनंच वाद. सरकारी पैसा आधी खर्च आणि नंतर मंजुरी असा मिळत नसतो, असं दुसरे मास्तर ठासून सांगत होते. त्यांनी शाळेच्या ग्रँटची उपयोगिता प्रमाणपत्रं भरण्यात निम्मी नोकरी घालवलीय, त्यामुळं त्यांचं म्हणणं डावलून चालत नाही. मग तोडगा निघाला की तातडीची रक्कम सुरुवातीलाच अग्रिम म्हणून द्यावी, मर्यादा ठरवून, आणि पंधरा दिवसांत हिशेब.

खरा वाद त्याच्यानंतर. महिला गटाच्या मावशी एवढा वेळ ऐकत होत्या, त्या म्हणाल्या, "पैसा आला की पुढारी येतंय. आज आम्ही फुकट करतोय म्हणून लोकं आमचं ऐकतात. उद्या म्हणतील हिला सरकार पगार देतंय म्हणून बोलत्या." आणि एक पोरगा म्हणाला, पोलिसांचा खबऱ्या म्हणतील ते वेगळंच.

ही भीती खोटी नाही. इंग्लंडमध्ये मुस्लिम समाजात सरकारच्या दहशतवादविरोधी प्रिव्हेंट योजनेबद्दल हाच संशय अजून आहे, की मदतीच्या नावाखाली आमच्यावर लक्ष ठेवतायत, त्यामुळं कितीतरी संस्था तो पैसाच घेत नाहीत. मी हे सांगितल्यावर मिटिंग एकदम गंभीर झाली. बराच खल होऊन तीन गोष्टी नक्की झाल्या. पैसा पोलिस खात्यातनं येणार नाही, पोलिसांशी संपर्क राहील पण हिशेब त्यांच्याकडं नाही. कुणाही व्यक्तीची नावं, नंबर, कोण काय बोललं हे सरकारला कळवायची अट आम्ही मान्य करणार नाही, कामाचा अहवाल द्यायचा, माणसांचा नाही. आणि दर महिन्याचा खर्च समाजमंदिराच्या फळ्यावर खडूने लिहायचा, कुणालाही वाचता येईल असा.

मावशी म्हणाल्या फळ्याचं बरं आहे. पण मानधन त्या घेणार नाहीत म्हणाल्या, त्यांच्याऐवजी गटातल्या शिकलेल्या पोरीला द्या. तसं लिहिलं.

भिवंडीचा विषय पण निघाला. १९८४ च्या भयंकर दंगलीनंतर १९८८ ला तिथं डीसीपी सुरेश खोपडेंनी मोहल्ला समित्या केल्या, गल्लीतले दोन्ही समाजांचे लोक आणि बीटचे पोलिस वर्षभर बसायचे, अगदी नळाच्या भांडणापासून. १९९२-९३ ला मुंबई पेटली तेव्हा भिवंडी शांत राहिली. मास्तर म्हणाले बघा, तिथं कुठं ग्रँट होती. ताईंनी लगेच उत्तर दिलं, तिथं पोलिसांचा वेळ होता, कामाच्या तासांतला, पगारी. साहेबाने तो वेळ ह्या कामाला काढून दिला. पैसा तोच झाला. आणि अशी समिती एका साहेबाच्या उत्साहावर चालली की साहेबाची बदली झाली की गळती लागते, म्हणून तर हे हेडमध्ये बसवायचंय.

११ ऑगस्ट

आज आकड्यांचं पान. प्रस्तावात पहिला प्रश्न येणार, जिल्ह्यात असे किती प्रकार होतात. आणि इथंच गाडी अडते. अमेरिकेत १९९० पासून द्वेषगुन्हे मोजायचा कायदा आहे, एफबीआयच्या आकड्यात २०२३ ला ११,८६२ घटना आहेत. तेही अपुरे, कारण पोलिस ठाण्यांनी कळवणं सक्तीचं नाही, कितीतरी ठाणी शून्य लिहितात नाहीतर काहीच लिहीत नाहीत. आपल्याकडं एनसीआरबीच्या (गुन्ह्यांची आकडेवारी ठेवणारी केंद्राची संस्था) वार्षिक अहवालात दलित-आदिवासींवरचे अत्याचार वेगळे मोजतात, दोन गटांत तेढ निर्माण करणं मोजतात, दंगली मोजतात, पण धर्म बघून घर नाकारलं, फेरीवाल्याला हाकललं, जोडप्याला अडवून मारलं, असल्या गोष्टींना द्वेषगुन्हा म्हणून वेगळा रकानाच नाही.

पंचगंगेला पाणी वाढलं की राजाराम बंधाऱ्याची पातळी तासातासाला सगळ्यांच्या मोबाईलवर येते, ३९ फूट इशारा, ४३ फूट धोका, बायका त्यावर सामान माळ्यावर टाकायचं की नाही ठरवतात. द्वेषाची अशी पट्टी कुठल्याच काठावर नाही, त्यामुळं पाणी दारात आल्यावरच कळतं.

म्हणून प्रस्तावात एक छोटी नोंदवही घातलीय, वस्तीची समिती ठेवेल. नावं नाहीत. फक्त कधी, कुठल्या प्रकारचं (अफवा, धमकी, बहिष्कार, मारहाण, नासधूस), कुणी मध्ये पडलं का, तक्रार झाली का, नसेल तर का नाही. बहिष्काराचा रकाना मॅडमनी मुद्दाम घालायला लावला, कारण सामाजिक बहिष्काराचा महाराष्ट्राचा कायदा २०१६ चा आहे, तीन वर्षांपर्यंत शिक्षा आहे, आणि गावात अजून निम्म्या लोकांना वाटतं की वाळीत टाकणं हा गावाचा घरगुती मामला आहे. यशस्वी झालं हे कशावरनं ठरवणार, तर घटना कमी झाल्या ह्यावरनं नाही. पहिल्या वर्षी नोंदी वाढल्या तर ते चांगलं लक्षण धरायचं, लोक सांगायला लागले असा त्याचा अर्थ. हे वाक्य अधिकाऱ्यांना विचित्र वाटेल, तरी ठेवलंय आणि खाली कारण दिलंय.

१८ ऑगस्ट, सोमवार

दोन्ही अर्ज आज दिले. पाऊस धो धो, फाईल दोन प्लास्टिकच्या पिशव्यांत. वकील मॅडम नव्हत्या, आजपासून हायकोर्टाच्या सर्किट बेंचचं कामकाज सुरू, कोल्हापूरच्या वकिलांनी चाळीस वर्षं मागितलेली गोष्ट, त्यांना तिथं असायलाच हवं होतं. आमच्या कामाच्या दृष्टीने पण हे मोठं आहे, सुप्रीम कोर्टाचा निकाल पाळला गेला नाही म्हणून दाद मागायची तर आता मुंबईची गाडी पकडायला नको, सहा जिल्ह्यांतल्या माणसाला इथंच येता येईल.

समाजकल्याणला साहेबांनी नियम ३ चं झेरॉक्स आमच्यासमोर वाचलं, दोनदा वाचलं, आणि म्हणाले दक्षता समितीच्या पुढच्या बैठकीत विषय ठेवतो. आवक नंबर घेतला. नियोजन शाखेत म्हणाले नावीन्यपूर्णमध्ये बसतं का बघावं लागेल, अंमलबजावणी यंत्रणा कोण ते लिहून द्या. ताईंनी तिथंच उभ्या उभ्या महापालिका आणि पंचायत समिती असं लिहून दिलं, त्या कागदाची पण पोच घेतली. संस्थेची नोंदणी, तीन वर्षांचं ऑडिट, दर्पण ह्या संस्थांच्या सरकारी नोंदीच्या पोर्टलचा नंबर, सगळं जोडलेलं होतं त्यामुळं परत पाठवायला काही कारण नव्हतं.

मंजुरी येईल तेव्हा येईल. २७ तारखेला गणपती बसतायत, विसर्जन ६ सप्टेंबरला आणि ईद-ए-मिलाद त्याच्या आदल्या दिवशी ५ ला. म्हणून मिटिंगमध्ये ठरलं की दोन वस्त्यांत फोन-साखळी आत्ताच वर्गणीतनं चालू करायची. सहा-सहा माणसं ठरलीत, त्यात दोन्हीकडं दोन बायका आणि दोन पोरं आहेतच. चाचांनी त्यांच्या गल्लीचं नाव स्वतःहून दिलं, आणि त्यांच्या नंबरखाली दुसरा नंबर शेजारच्या दुकानदाराचा आहे, तोच, तीस वर्षांचा शेजार. त्याने स्वतःच्या पोराला पण ग्रुपमध्ये घालायला लावलंय. रिचार्जचे पैसे हिशेबाच्या पोराकडं जमा झालेत, उद्या सकाळी फळ्यावर लिहायचेत. पुढची मिटिंग शनिवारी संध्याकाळी सातला, तालमीत.